विडी सुटते नवरात्रात, परतते दिवाळीत

सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेला माणूस तामलवाडीला पोहोचतो तेव्हा जवळपास निम्मी वाट सरलेली असते. कोजागरीच्या आधी या रस्त्यावर लाखो भाविक चालत असतात. त्याच्याही आधी, घटस्थापनेपासून, या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते आणि तिची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर होत नाही. नवरात्र धरणारी पुष्कळ माणसे नऊ दिवस चप्पल घालत नाहीत, उपवास करतात आणि विडी-तंबाखूलाही हात लावत नाहीत. एरवी दिवसाला बंडल संपवणारा माणूसही नऊ दिवस विडीविना काढतो. त्याला कोणी आग्रह करत नाही. ‘आईचं नवरात्र आहे’ एवढे कारण पुरते.

वैद्यकशास्त्राच्या नजरेतून ही साधी गोष्ट नाही. कोणाचीही मदत न घेता धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांवरचे अभ्यास अमेरिकी संशोधक जॉन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकत्र तपासले. बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच पुन्हा ओढू लागतात आणि सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच असतात, असे त्यांना दिसले. म्हणजे नवरात्र निभावणारा माणूस सर्वात निसरडा टप्पा पार करून बसलेला असतो. मग दसरा येतो, सोने वाटून होते आणि पारावर कोणीतरी बंडल पुढे करते.

नवसाची मुदत संपली म्हणून त्याने विडी घेतली, असे म्हणता येईल. पण ज्यांनी मुदत न घालता सोडलेली असते, म्हणजे डॉक्टरांनी दटावले म्हणून, घरात नात आली म्हणून किंवा परवडेना म्हणून, त्यांचेही पुढच्या दोन-तीन महिन्यांत हेच होते. ‘मनाचा निग्रह कमी पडला’ असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो. निग्रहाखेरीजही त्यात बरेच काही असते.

हा विषय आता काढण्याचे कारण म्हणजे कर. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट, पानमसाला आणि चघळण्याच्या तंबाखूसाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला आणि विडीवरचा दर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. सिगारेटवरचे वाढीव उत्पादन शुल्कही फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले. तंबाखू महाग झाली की सोडू पाहणारे वाढतात, हा जगभरचा अनुभव आहे. सिगारेट आणि पुडीवाल्यांच्या बाबतीत तो इथेही येईल. विडीवाल्याला मात्र या धोरणाने सोडण्याचे एक कारण कमी दिले आहे.

विडी म्हणजे ‘आपली साधी’, सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज त्यामागे अजून टिकून आहे. मुंबईत सुमारे दीड लाख लोकांच्या पाहणीतून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो खोटा ठरवला. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी जास्त निघाला. प्रभात झा आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील देशव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी आणि स्त्रियांचे आठ वर्षांनी घटलेले दिसले. विडीत तंबाखू थोडी असते, पण ती सारखी विझते. ती पेटती ठेवायला जास्त आणि खोल झुरके घ्यावे लागतात.

सवलतीच्या बाजूने नेहमी विडी कामगार महिलांचे नाव पुढे केले जाते. इथून वीसेक किलोमीटरवरच्या सोलापुरात हजारो महिला घरी बसून विड्या वळतात आणि त्यांचा प्रश्न खरा आहे. मात्र त्यांची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, कराच्या दरावर नाही. दहा टक्के कर कमी झाल्याने त्यांच्या हातात किती पडले, हे विचारायला हवे. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता शरीरात काय होते ते पाहू. झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. रोजच्या माऱ्याने मेंदू निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींची संख्या वाढवून ठेवतो. रक्तातले निकोटिन मात्र दर दोन तासांनी निम्मे होत जाते. वाढलेले ग्राही रिकामे पडले की तलफ येते. सोडल्यावर चिडचिड, बेचैनी, झोपमोड, भूक आणि कामात लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात शिगेला असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. ग्राहींची संख्या पूर्ववत व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात, असे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले आहे. तीन महिन्यांचा हिशेब इथून येतो.

आपल्या पंचांगात तो विलक्षण चपखल बसतो. घटस्थापना आश्विनाच्या पहिल्या दिवशी. मार्गशीर्षाच्या अमावस्येला, म्हणजे आपल्याकडे घरोघर शेतात साजऱ्या होणाऱ्या येळवशीला, बरोबर तीन चांद्रमास पुरे होतात. घटाला विडी ठेवली आणि येळवशीच्या आंबिलापर्यंत टिकलो, तर मेंदूची बरीचशी दुरुस्ती झालेली असते. मधली वाट मात्र सरळ नाही.

त्या वाटेवर पहिल्या महिन्यातच काही चकवे असतात. विडी सोडलेल्या माणसाचा खोकला काही दिवस वाढू शकतो. धुराने मंदावलेले श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. साधारण दर पाच जणांत दोघांना तोंड येते. सहातल्या एकाला बद्धकोष्ठ होते. सकाळी विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे सांगणारे प्रत्येक गावात भेटतात आणि त्यांचे म्हणणे निव्वळ खोटे नसते. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, ते थांबले की काही दिवस आतडे सुस्तावते. मग ‘विडी सोडली पण मानवली नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि पुन्हा बंडल येते. खरे तर खोकला, तोंड येणे, पोट जड होणे या दुरुस्तीच्या खुणा आहेत. कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि चालणे यांवर त्या निभतात. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, ताप किंवा वजन घटणे सोबत असले, थुंकीत रक्त दिसले, तर मात्र विडीला दोष न देता थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोग आणि धूम्रपान यांचे नाते जुने आहे.

चहाचे गणित फार थोड्यांना माहीत असते. विडीच्या धुरातील काही रसायने यकृताला कॅफिन झटपट निकालात काढायला लावतात. धूर बंद झाला की हा वेग मंदावतो आणि पूर्वीइतकाच चहा पिऊनही रक्तातले कॅफिन दुपटीहून जास्त होऊ शकते. छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री डोळा लागत नाही. माणूस हे सारे विडी सुटल्याच्या खात्यावर टाकतो. दिवसाला सहा कप असतील तर तीन करा. (तंबाखू चघळणाऱ्यांना हे लागू नाही; हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा आहे.) दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन घेणाऱ्यांनी विडी सोडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या औषधांचे प्रमाणही याच कारणाने वाढते.

एवढे सोसून माणूस दिवाळीपर्यंत येतो. आपण जिंकलो असे त्याला वाटते, घरच्यांनाही वाटते, आणि नेमके इथे फसायला होते. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात धूम्रपान सोडलेल्यांना ७व्या, १४व्या आणि ३५व्या दिवशी सिगारेटशी निगडित दृश्ये दाखवली. एरवीची, आपोआप येणारी तलफ दिवसागणिक कमी होत होती. पण दृश्य पाहून उसळणारी तलफ ३५व्या दिवशी आधीपेक्षा जास्त होती. मोजणी तिथेच थांबली होती, त्यामुळे त्यापुढचे त्या प्रयोगातून सांगता येत नाही. घटस्थापनेपासून मोजले तर भाऊबीज ३२व्या दिवसाच्या आसपास येते. पुण्या-मुंबईहून भाऊबंद आलेले, रात्री उशिरापर्यंत गप्पा, मधोमध काडेपेटी. महिनाभर तलफेने पिच्छा सोडलेला माणूस बेसावध असतो आणि एका झुरक्याने काय होते, असे म्हणून हात पुढे करतो.

मग थंडी पडते. ज्वारी हुरड्याला येते, शेतात शेकोट्या पेटतात, ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. शेतमजुरीत विडीला एक असे काम आहे ज्याचा विचार व्यसनमुक्तीची पत्रके कधी करत नाहीत. विडी ओढणाऱ्याला पाच मिनिटे बसायला मिळतात. ‘एक विडी मारून येतो’ म्हटले की मुकादमही काही बोलत नाही. विडी सोडलेला माणूस हे बूड टेकणे गमावतो, नुसता बसला तर कामचुकार ठरतो. माझ्या मते पहिल्या महिन्यांत विडी परत येण्याची ही फार मोठी आणि फार कमी बोलली गेलेली वाट आहे. सोडणाऱ्याने ती विश्रांती सोडू नये. पाणी पिण्यासाठी म्हणा, मूठभर फुटाण्यांसाठी म्हणा, पण त्याच वेळी त्याने बसावे, फक्त शेकोटीपासून जरा लांब. टोलनाक्यावर रांगेत उभ्या राहणाऱ्या ट्रकचालकालाही हेच लागू. तलफेची एक लाट सहसा काही मिनिटांत ओसरते आणि तेवढा वेळ तोंड आणि हात गुंतलेले हवेत.

वजनाचेही बोलायला हवे, विशेषतः स्त्रियांसाठी. सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते आणि त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्या तीन महिन्यांत. त्यासाठी पुन्हा विडीकडे वळणे हा वाईट सौदा आहे.

आपल्या भागातला सगळ्यात सोयीचा चकवा म्हणजे अदलाबदल. विडी सुटते आणि खिशात चुन्याची डबी येते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्केच निघाले, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. स्त्रियांमध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणाऱ्या १७ टक्के होत्या. आपल्याकडे तंबाखू मळून चिमूट पुढे करणे हा रामराम घालण्याचाच एक प्रकार आहे आणि मशेरीला तर कोणी व्यसन मानतच नाही. विडी सोडलेल्याला ही चिमूट निरुपद्रवी वाटते. पण ग्राहींना निकोटिन मिळत राहते, दुरुस्ती थांबते आणि फुप्फुसाची जोखीम थोडी हलकी होऊन तोंडाच्या कर्करोगाची जड होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. साध्या तंबाखू-चुन्यावर ती नाही.

मदत काय आहे? कागदावर बरीच आहे. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा मोफत क्रमांक २०१६ पासून चालू आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्याच्या केंद्रांपैकी एक असल्याने मराठीतही बोलता येते आणि समुपदेशक नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक पाकिटांवर छापणे सक्तीचे आहे. यातली गंमत पाहा. ज्याने खरोखर सोडली, त्याच्या हातून पाकीट गेले आणि क्रमांकही गेला. मदतीची सर्वाधिक गरज असलेल्या पहिल्या तीन महिन्यांत तो क्रमांक त्याच्या डोळ्यांसमोर नसतो. म्हणून शेवटचे पाकीट फेकण्याआधी तो मोबाइलमध्ये साठवावा, बायकोच्या मोबाइलमध्येसुद्धा.

निकोटिनच्या गोळ्या आणि च्युइंगम यांबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. ‘विषाला विष कशाला’ असे विचारले जाते. या पर्यायी निकोटिनमुळे सोडण्यात यश येण्याची शक्यता सुमारे निम्म्याने वाढते, हे शंभराहून अधिक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. केंद्राच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश झाला. दोन मिलिग्रॅमचे च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळते. चार मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी लागणाऱ्यांना बहुधा तेच लागते. पण लोक ते साध्या च्युइंगमसारखे भराभर चावतात, उचकी लागते, घसा जळतो आणि ‘आपल्याला चालत नाही’ म्हणून टाकून देतात. ते सावकाश चावायचे, झणझणले की गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. अर्धा तास असे चालवायचे. तंबाखूची गोळी ओठात धरणाऱ्याला हे तंत्र शिकवावे लागत नाही. आधी पंधरा मिनिटे आणि च्युइंगम तोंडात असेपर्यंत चहा नको, नाहीतर निकोटिन शोषले जात नाही. आणि आठ ते बारा आठवडे घ्यायचे. पहिल्याच महिन्यात बरे वाटले म्हणून बंद करणे म्हणजे पुन्हा दिवाळीच्या तोंडाशी उघडे पडणे. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन ही औषधेही आहेत, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शक सूचना दिली. तिच्यात धूरविरहित तंबाखूसाठीही समुपदेशनासोबत व्हॅरेनिक्लिन किंवा पर्यायी निकोटिन सुचवले आहे.

गावपातळीवरची उणीव मला एका रकान्यात दिसते. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी तक्ता भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. उत्तरे तीन: कधीच नाही, पूर्वी घेत होतो किंवा आता कधीतरी, आणि रोज. म्हणजे आठ दिवसांपूर्वी सोडलेला, आठ वर्षांपूर्वी सोडलेला आणि लग्नकार्यात ओढणारा असे तिघेही एकाच खणात पडतात. ज्याच्याकडे येत्या महिन्यात चार वेळा जायला हवे तो माणूस कागदावर दिसतच नाही. क्षयरोगाशी तुलना करा. तिथे सहा महिने औषध देतात, दर महिन्याला विचारतात, रुग्ण आला नाही तर त्याच्या घरी जातात. तीच आशाताई, तेच आरोग्य केंद्र. मग विडी सोडलेल्या माणसाला तीन महिन्यांत चार-पाच वेळा ‘कसं चाललंय’ असे विचारण्याची व्यवस्था अवघड का असावी? तारखेसह ‘सोडल्याचा दिवस’ एवढा एक रकाना तक्त्यात घातला तरी सुरुवात होते. धाराशिव हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे, निर्देशांकांची मोजदाद इथे सतत चालते. त्यात हे मोजले जात नाही.

एवढ्यावरही कोणी मध्येच एखादी ओढली, तर काय? इथे नवसाची दुसरी बाजू पुढे येते. नवसाने माणूस नऊ दिवस पोलादी होतो, पण नवस एकदा मोडला की ‘मोडलाच आहे तर’ म्हणून सगळे सोडून देतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी व्यसनांच्या अभ्यासात हाच घटनाक्रम नोंदवला: पहिल्या चुकीपेक्षा तिच्यानंतरची शरम माणसाला खाली नेते. एक झुरका धोक्याचा आहे यात शंका नाही. तो घेणारे बहुतेक जण पुढे पूर्ववत होतात. पण ते बहुधा पहिल्या झुरक्याच्या रात्री होत नाही, दुसऱ्या दिवशी बंडल विकत घेतल्यावर होते. म्हणून दिवाळीत एक विडी ओढली गेली असेल, तर त्या रात्री घरच्यांना सांगावे, उरलेली विडी पाण्यात टाकावी, सकाळी त्या क्रमांकावर फोन करावा आणि च्युइंगम चालू असेल तर ते चालूच ठेवावे. घरच्यांनीही त्या रात्री ‘तुझ्याच्यानं व्हायचंच नाही’ हे वाक्य गिळून टाकावे. येळवशीला अजून दोन महिने असतात.